कुंदा टिपणीसची कावीळ

कुंदा टिपणीसला आयुष्यात कधी कावीळ झाली नाही. गोवर झाला, एक अवघड बाळंतपण झालं, एकदा कंपनीच्या बसच्या पायरीवरून पडून मनगट मुरगळलं. कावीळ मात्र नाही. तरी कुळगावात तिच्या बिल्डिंगीत कुणालाही विचारा, शहाऐंशी साली कुंदाला कावीळ झाली होती आणि काही केल्या उतरत नव्हती, असंच सांगतील. काहीजण तर रक्तातला आकडासुद्धा सांगतील. तो आकडा कुणी काढला देव जाणे.

कुंदा अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये कामाला होती. बी.एस्सी. होऊन लागली ती थेट बॅलन्स रूमला चिकटली. तेव्हा दोन पारड्यांचा बॅलन्स असे, काचेच्या पेटीतला, दगडी ओट्यावर बसवलेला. शेजारी लाकडी डबीत मखमलीच्या खाचांमध्ये वजनं. त्यांना हात लावायचा नाही, चिमट्यानं उचलायची, कारण बोटाच्या घामानंही आकडा बदलतो. रंगाचा नमुना चिनी मातीच्या इवल्याशा वाटीत जाळायचा आणि मागे उरलेली राख तोलायची, हे तिचं रोजचं काम. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला ती दोन गोष्टी बजावायची. आधी रिकामी वाटी तोलायची, मग भरलेली. रिकामीचं वजन माहीत नसेल तर भरलेलीचा आकडा केराच्या टोपलीत टाका. आणि गरम वाटी पारड्यात ठेवायची नाही, गरम वस्तू खोटं वजन दाखवते. जो विसरेल त्याला ती सगळ्यांदेखत झाडत असे. लॅबचे प्रमुख दौलतराव तिच्याहून दोन हुद्दे वर, पण तेसुद्धा बॅलन्स रूमचं दार हळू लावायचे. आकडा टिपणीसबाईंचा आहे म्हटल्यावर तो पुन्हा तपासायची कुणाला गरज वाटत नसे.

अशी ही बाई शहाऐंशीच्या श्रावणात एका सकाळी उठलीच नाही. ताप नाही, दुखणं नाही. फक्त उठावंसं वाटत नव्हतं, आणि वाटत नव्हतं ह्याचंही काही वाटत नव्हतं. आठ दिवस झाले, पंधरा झाले. सातवीतली मीनल शाळेतून येऊन आईच्या पायाशी बसायची आणि आई भिंतीकडे बघत राहायची. "तुला काय कमी आहे?" नवरा विचारायचा. "घर आहे, नोकरी आहे, पोरगी हुशार आहे." सासू बनूबाईही तेच विचारायच्या, फक्त जरा जास्त मोठ्यानं. काही कमी असल्याशिवाय माणसानं आजारी पडूच नये, असा त्या घरात जणू कायदा होता. उत्तर द्यायला तोंड उघडावं लागतं, आणि कुंदाला तेवढंही जमत नव्हतं.

नवरा शशिकांत कल्याणला एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान त्याच्यावर सरळ रागवता तरी आलं असतं. अर्ज लिहिण्यात त्याचा हातखंडा, अख्ख्या बिल्डिंगीचे अर्ज तो लिहून देई. बायकोच्या रजेचा अर्ज लिहायला बसला आणि ‘कारण’ ह्या शब्दापाशी अडला. पेन दोनदा झटकलं. मग लिहिलं, ‘कावीळ’. कावीळ कशी दिसायला बरी. कावीळ कुणालाही होते, पाण्यानं होते, तिच्यात कुणाचा दोष नसतो आणि तीन-चार महिने त्यात सहज खपतात.

एकदा अर्जात आली म्हटल्यावर कावीळ घरभर झाली. शेजारच्या गोदूकाकू सकाळ-संध्याकाळ उसाचा रस घेऊन येऊ लागल्या. बनूबाईंना खरं ठाऊक होतं, पण दारात शेजारीण उभी असताना फोडणी घालायची कशी? म्हणून कुंदाच्या ताटातलं तेल गेलं, हळद गेली, तिखट गेलं. आधीच जिची चव गेलेली, तिला अळणी मुगाचं वरण. गोदूकाकूंनीच मग बारवी धरणाकडच्या एका म्हाताऱ्याला आणलं. त्यानं कसल्याशा मुळीच्या ओल्या तुकड्यांची माळ ओवून कुंदाच्या डोक्यावर कड्यासारखी बसवली. माळ वाढत वाढत गळ्यात येईल, गळ्यातून छातीवर उतरेल, तिच्याबरोबर कावीळ उतरेल. आणि माळ खरंच वाढली! मुळ्या सुकल्या, गाठी सैल पडल्या, माळ लांबली. लॅबमधल्या बाईला हे कळत होतं, पण सांगायची ताकद नव्हती. माळ बेंबीशी पोचली त्या दिवशी बिल्डिंगीतल्या बायकांनी पेढे वाटले. "उतरली हो कावीळ! आता का झोपून आहेस? ऊठ." आता झोपून राहायला कावीळसुद्धा उरली नव्हती. त्या अवस्थेत माणसाच्या डोक्यावर माळ घालायची, वर पेढे वाटायचे आणि मग त्यालाच दटावायचं, ह्याला काय म्हणावं?

खरं बोलली ती एकटी आवडी. आवडी लॅबमध्ये काचेची भांडी धुवायची; बारवीच्या अंगाच्या एका पाड्यावरून रोज यायची. एका रविवारी कुंदाला बघायला आली, जवळ बसली आणि अंगठ्यानं तिची पापणी खाली ओढून बघितली.

"बाय, ही कसली कावील? डोलं त पांढरंफेक हायत." मग शशिकांतकडे वळून म्हणाली, "भाऊ, हिचा जीव बसलाय. आमच्याकं बी व्हतं असं. डाक्टरला दाखवा. कावीलवाल्याला नको."

शशिकांतनं तिला चहा देऊन वाटेला लावलं. पण शब्द लागला असावा, कारण दोन दिवसांनी तो कंपनीच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी चिठ्ठी दिली आणि म्हणाले, "ठाण्याला घेऊन जा." शशिकांतनं आधी दार लावून घेतलं. आमच्या पट्ट्यात कुणाला ठाण्याला न्यायचं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, वेड्यांचं इस्पितळ तिथलंच. खरोखर कामाला जाणारा माणूससुद्धा ‘कलेक्टर कचेरीत जातोय’ असं मुद्दाम सांगतो. "अहो, तिथं नाही हो," डॉक्टर म्हणाले, "स्टेशनजवळ एका डॉक्टरांचा साधा दवाखाना आहे." पण शशिकांतनं बिल्डिंगीत सांगितलं, लिव्हरच्या स्पेशालिस्टकडे दादरला जातोय.

ठाण्याच्या डॉक्टरांनी दहा मिनिटं विचारपूस केली, शशिकांतला बाजूला घेऊन आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. "रोज घ्यायच्या. दोन-तीन आठवडे फरक पडणार नाही. धीर धरा." बस्स. गोळीनं आणखी काय काय होईल, हे त्यांनी सांगितलं नाही आणि शशिकांतनं विचारलं नाही. तो घाईत होता, ओळखीचं कुणी भेटेल म्हणून.

गोळ्याही तो कुळगावात घेईना. त्या आणायला उल्हासनगरला, कॅम्पातल्या एका सिंधी मेडिकलमध्ये जायचा. दुकानदार चिठ्ठी वाचून भर गिऱ्हाइकांत मोठ्यानं म्हणाला, "ये तो दिमाग की गोली है, साईं! किसके लिए?" शशिकांत गोंधळला आणि म्हणाला, "चाचा के लिए." झालं. तेव्हापासून दर महिन्याला तो भला माणूस चौकशी करी, "चाचा कैसे हैं? खाना-वाना खाते हैं?" शशिकांतला चाचाच नव्हता.

तिसरा आठवडा संपत आला होता. कुंदा जेवायला बसली, एक घास घेतला आणि ताट सरकवून म्हणाली, "ह्या वरणात मीठ कुठाय? चार महिने हे काय घालताय माझ्या पोटात?" बनूबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. मीनल रडायला लागली आणि रडता रडता हसली. सगळ्यात आधी परत आला तो कुंदाचा राग. मग भूक आली, मग मीनलच्या वह्या बघणं, मग अंघोळ करून गच्चीत केस वाळवणं. संक्रांतीनंतर ती कामावर रुजू झाली. गोळीनं कुंदाला कुंदा परत दिली होती, ह्यात कुणी शंका घेऊ नये.

पण गोळीनं काही घेतलंही. तोंड कोरडं ठक्क पडायचं, बोलताना जीभ टाळ्याला चिकटायची. पोट साफ होईना. वजन वाढलं, ब्लाउज दंडात रुतू लागले. दुपारी डोळ्यांवर झापड. हे सगळं तिनं सोसलं असतं. पण तिचे हात कापायला लागले. फार नाही, कपाला कळणार नाही इतकेच. चिमट्याला मात्र कळायचे. पन्नास मिलिग्रॅमचं वजन म्हणजे पत्र्याची नखाएवढी पाकळी. ती पारड्यात ठेवताना निसटायची. एकदा निसटून ओट्याच्या फटीत गेली आणि आवडीनं दिव्याखाली अर्धा तास शोधून काढली. पंधरा वर्षांत कुंदाच्या हातून वजन पडलं नव्हतं.

मग तोलायला सगळेच बसले. दौलतराव म्हणाले, "टिपणीसबाई, काहीतरी औषध घेता म्हणे. ते बंद करा, नाहीतर तुम्हाला नमुन्यांच्या रजिस्टरवर बसवावं लागेल." बनूबाई म्हणाल्या, सवय लागते त्या गोळ्यांची, माणूस गुलाम होतो. शशिकांत म्हणाला, "आता बरी आहेस ना? मग कशाला हवी?" प्रत्येकाच्या पारड्यात गोळीचे तोटे होते आणि ते खोटे नव्हते. पण गोळी नव्हती तेव्हा काय होतं, ते एकानंही दुसऱ्या पारड्यात टाकलं नाही. ते सगळे विसरले होते. विसरणं सोपंच होतं, त्यांच्या लेखी ती कावीळ होती.

वैशाखात कुंदानं गोळी बंद केली. ठाण्याला न विचारता, एका दिवसात. त्यात तिचीही चूक होती. तिलाही आपले हात परत हवे होते. आणि हात खरंच थांबले, ओट्यावर ठेवलेल्या दगडासारखे स्थिर. पाच-सहा आठवडे सगळे खुशीत होते. सातव्या आठवड्यात एका सकाळी ती बॅलन्ससमोर बसली, पेटीची काच वर केली आणि तशीच बसून राहिली. हात कापत नव्हता. तो चिमट्याकडे जातच नव्हता. आवडीनं येऊन काच खाली केली, तिला हाताला धरून बाहेर नेलं.

चार दिवसांनी घरी शशिकांत टेबलाशी लिहीत बसला होता. कुंदा पलंगावर होती. पाणी प्यायला म्हणून कशीबशी उठली आणि जाता जाता तिला अर्ज दिसला. ‘कारण: कावीळ उलटल्यामुळे.’

तिच्या आत कुठेतरी तळाशी राग उरला होता, तो वर आला.

"पुन्हा?" ती म्हणाली. "पुन्हा माळ घालणार आहात?"

"अगं, लोकांना काय सांगायचं?"

"मला काय झालंय ते मलासुद्धा सांगितलं नाहीत तुम्ही. चिठ्ठीत वाचलं मी. तुमच्या लाजेपायी मी चार महिने अळणी जेवले. माझ्या आजाराला नाव आहे आणि ते कावीळ नाही." एवढं बोलून तिला धाप लागली. तिनं अर्ज फाडला, खुर्चीत बसली आणि तीन ओळी लिहायला अर्धा तास घेतला. ‘कारण’ ह्या शब्दापुढे तिनं लिहिलं, ‘डिप्रेशन’. खाली सही केली. शशिकांतनं तो वाचला. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच एका अर्जात काय दुरुस्त करावं ते सुचलं नाही.

ठाण्याला ती आवडीला घेऊन गेली. गाडीत शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं तेव्हा म्हणाली, "ठाण्याला चाललेय, डोक्याच्या डॉक्टरकडे." त्या बाईनं पिशवी मांडीवर घट्ट धरली.

डॉक्टर भडकले. "कुणी सांगितलं बंद करायला? असं एकदम बंद करतात का?"

"तुम्ही तरी कुठं सांगितलं होतंत, हात कापतील म्हणून?" कुंदा म्हणाली. बोलायला त्रास होत होता, तरी थांबली नाही. "तोंड कोरडं पडेल, वजन वाढेल, कधी बंद करायची, कशी बंद करायची, ह्यातलं काही सांगितलंत? मला काय समजणार नाही म्हणून? मी मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा मोजते, डॉक्टर. गोळी माझ्या पोटात जाते, तुमच्या नाही."

आवडीनं पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि ह्या वेळी पाऊण तास बोलले. ह्या आजारात गोळी बहुतेकांना उपयोगी पडते, सगळ्यांना नाही. तुम्हाला पडली, हे आपण पाहिलं. बरं वाटल्यावरही बरेच महिने घ्यावी लागते आणि सोडायची तर टप्प्याटप्प्यानं, मला विचारून. काही त्रास सवयीनं कमी होतात, काही होत नाहीत. सुरुवातीचा डोस जास्त होता, तो हळूहळू उतरवून बघू, रात्री एकदाच घ्या. थरथरीवर दुसरं औषध आहे, लागलं तर देऊ. पूर्ण थांबेल अशी हमी देत नाही. तुम्हाला काय चालेल ते सांगा.

हे शेवटचं वाक्य वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी तिला म्हटलं होतं. कुंदा तिथं खुर्चीत रडली.

"तोंड कोरडं पडलं तर पडू दे," ती म्हणाली, "लवंग चघळीन. ब्लाउज उसवून घेईन. पण मला हात हवेत. आणि सकाळी उठायला हवं."

येताना ती उल्हासनगरला उतरली. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी ओळखली. "अरे, चाचा की गोली! चाचा कैसे हैं?"

"चाचा मैं ही हूँ," कुंदा म्हणाली. दुकानदारानं एकदा चिठ्ठीकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग गोळ्या पुडक्यात बांधता बांधता म्हणाला, "अच्छा है चाची, खुद आ गईं."

दिवाळीनंतर ती कामावर आली तेव्हा दौलतरावांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. समोर तिचा तो अर्ज होता, इतके दिवस अडवून ठेवलेला. "बाई, हे असं फाईलला नको. वर गेलं तर मला तुम्हाला बॅलन्सवर ठेवता येणार नाही. कावीळ लिहून द्या, मागच्यासारखं. विषय संपला."

विषय संपला नव्हता. त्या खोलीतली तिची जागा आता एका खोट्या शब्दावर टांगलेली होती, आणि तो शब्द लिहून दिला असता तर कुणीच तिला नावं ठेवली नसती.

"साहेब, गोळी बंद करा असं तुम्ही म्हणालात, मी केली," ती म्हणाली. "मग काय झालं ते तुम्ही पाहिलंत. माझं वजन करायचं तर नीट करा. तुम्ही सगळ्यांनी भरलेली वाटी तोललीत आणि बोंब ठोकलीत. रिकामी कुणी तोलली? गोळीशिवायची मी काय होते, ते पण धरा ना हिशेबात. कावीळ लिहून देणार नाही. तुम्हाला हात बघायचेत ना? चला."

बॅलन्स रूममध्ये तिनं एक वाटी घेतली. कोपर ओट्याला टेकवलं, मनगटाखाली एक लाकडी ठोकळा सरकवला. हा ठोकळा तिनं कुळगावच्या सुताराकडून मुद्दाम करून आणला होता. तोंडात लवंग होती. एकच वाटी तिनं दहा वेळा तोलली, दर वेळी सगळी वजनं काढून पुन्हा ठेवून. हात जरा कापत होता, सगळ्यांना दिसत होता. एकही पाकळी पडली नाही. दहा आकड्यांत फरक निघाला तो शेवटच्या घरात, दोनाचा. दौलतरावांनी कागद दोनदा वाचला. बाकी कसेही असोत, आकड्याचा मान राखणारा माणूस. त्यांनी अर्ज जसाच्या तसा वर पाठवला. बॅलन्स तिच्याकडे राहिला. सीनियरची जागा मात्र तिला मिळाली नाही, ती तिच्या हाताखाली शिकलेल्याला गेली. त्याचं कारण कुणी कागदावर लिहिलं नाही, आणि त्याचा तिला शेवटपर्यंत संताप होता. का नसावा?

पुढे तिनं एकदा डॉक्टरांना विचारून गोळी हळूहळू सोडली, तीन वर्षांनी पुन्हा सुरू केली. दोन्ही वेळा ठरवलं तिनंच.

चौऱ्याण्णव साली एका दुपारी गोदूकाकू आल्या, त्या उसाच्या रसवाल्या. दार लोटून घेतलं आणि कुजबुजल्या, "कुंदा, आमच्या सुनेला कावीळ झालीय गं. पालेगावच्या नव्या ब्लॉकमध्ये राहतात ना, तिला. तुझ्यासारखी. कुठं दाखवलं होतंस?"

म्हणजे ह्यांना माहीत होतं. त्या वेळीही माहीत होतं. कुंदाची कानशिलं तापली.

"डोळे पिवळे आहेत का तिचे?"

"नाही."

"मग कावीळ म्हणू नका, काकू. कावीळ म्हणालात तर पत्ता देणार नाही."

काकूंनी पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली. मग खाली बघत म्हणाल्या, "उठत नाही गं ती. सहा आठवडे झाले. बाळाला घेत नाही."

कुंदानं कागद ओढला आणि ठाण्याचा पत्ता लिहू लागली. खाली लिहिलं, ‘काय काय त्रास होईल ते आधी विचारून घ्या’. काकू तिच्या बोटांकडे बघत होत्या.

"हात कापतो गं तुझा. त्या गोळीनंच ना?"

"त्या गोळीनंच," कुंदा म्हणाली आणि कागद त्यांच्या हातात दिला. "आधी तो उठतच नव्हता."